मलमपट्टी : अडाणी

मी यंत्र नाही, हे या वयात मला लेखी पटवून द्यावं लागेल असं कोणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. बायकोचं मत वेगळं आहे. ती म्हणते, "मला तर लग्नाच्या पहिल्या वर्षापासून शंका आहे." पण घरच्यांच्या मताला चौकशीत किंमत नसते, आणि माझी तर रीतसर चौकशी झाली. स्टुलावर बसवून झाली.

सगळं सुरू झालं ते फोनपासून. आमची मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात राहते. दर रविवारी तिचा फोन येतो. आईशी ती मनसोक्त बोलते. त्यात खिदळणं असतं, कुजबुज असते, मध्येच "अय्या, खरंच?" असतं. मग फोन माझ्याकडे येतो. मी विचारतो, "जेवलीस का?" ती म्हणते, "हो. तुम्ही?" मी म्हणतो, "हो." मग आम्ही दोघंही थोडा वेळ नुसता श्वास घेतो. कोणीतरी "बरं मग" म्हणतं आणि फोन पुन्हा आईकडे जातो. आमच्या ऑफिसात एकमेकांशी भांडलेली माणसंसुद्धा याहून जास्त बोलतात. मी कधी बोलून दाखवलं नाही, पण फोन परत देताना मला दर वेळी वाईट वाटायचं.

एका रविवारी ती घाईत होती. खेळायला जायचंय म्हणाली. मला वाटलं, बॅडमिंटन. तर नाही, संगणकावरचा खेळ. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. 'तुम्ही चौकात उभे आहात. उत्तरेला पूल आहे,' असं पडद्यावर येतं. आपण 'उत्तरेला जा' असं टाइप करायचं, की पुढचा मजकूर येतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याला हळूहळू पोहणं, लढणं, स्वयंपाक असली कौशल्यं शिकवायची आणि मित्रमंडळींबरोबर मोहिमांवर जायचं.

"म्हणजे आलेला मजकूर वाचायचा आणि खाली आपला शेरा लिहायचा," मी म्हणालो. "मग मी इतकी वर्षं ऑफिसात दुसरं काय करतोय?"

पलीकडे ती मोठ्याने हसली. हे हसणं आईच्या वाट्याचं नव्हतं, थेट माझ्या वाट्याचं होतं. त्या हसण्यापायी मी पुढचं सगळं ओढवून घेतलं.

"बाबा, खरंच येता का?" ती म्हणाली. "आमचा वैद्य खेळ सोडून गेला. त्याला जुळं झालं. पुढच्या महिन्यात आम्ही धुक्याच्या खिंडीत जाणार आहोत. जखमा बांधायला कोणीतरी हवंय. पण तोवर मलमपट्टी नीट यायला हवी हं. खिंडीत मेलं की सगळी कौशल्यं निम्म्यावर येतात. माझी तीन वर्षांची मेहनत आहे."

"हातचा मळ आहे," मी म्हणालो. मला तेव्हा मलमपट्टी शब्दातला मलमही माहीत नव्हता.

खेळात शिरताना नाव विचारतात. लोक 'काळा वाघ' वगैरे घेतात. मी आयुष्यभर ज्याच्यासाठी झटलो तेच लिहिलं : वरिष्ठ सहायक. खेळाने ते निमूट स्वीकारलं. ऑफिसात हेच पद मिळवायला मला चार साहेब बदलावे लागले होते. त्यामुळे पहिल्याच मिनिटाला या खेळाबद्दल माझं मत चांगलं झालं. दुसऱ्या मिनिटाला माझी कौशल्यं पडद्यावर आली. पोहणे : अडाणी. लढाई : अडाणी. स्वयंपाक : अडाणी. वाटाघाटी : अडाणी. मलमपट्टी : अडाणी.

बायको खांद्यावरून वाचत होती. "किती अचूक आहे हो हा खेळ," ती म्हणाली. "तुम्ही तर अजून काहीच केलं नाहीत, तरी ओळखलं."

अडाणीच्या वर नवखा, त्याच्या वर बरा, मग जाणकार, मग निष्णात. मला निदान 'बरा' व्हायचं होतं. मी म्हटलं, आपण आयुष्यभर बरेच आहोत, इथे काय अवघड जाणार.

नवशिक्यांनी प्रश्न विचारायला खेळात एक फलक आहे. त्यावर 'कासव' नावाचा कोणी जुना खेळाडू उत्तरं देतो. मी माझा पहिला प्रश्न रीतीला धरून लिहिला : "महोदय, मलमपट्टी या विषयातील प्रशिक्षण घेण्याची इच्छा आहे. तथापि सध्या मला कोणतीही जखम नाही. तरी पुढील कार्यवाहीबाबत मार्गदर्शन व्हावे."

कासवाचं उत्तर आलं : "जखम करून घ्या."

मी आभार मानले आणि जखमेच्या शोधात निघालो. नगराच्या चौकात एक काटेरी कुंपण आहे. ते ओलांडलं की ओरखडा येतो. ओरखडा आला की 'पट्टी बांध' असं टाइप करायचं. 'तुम्ही पट्टी बांधली. ओरखडा बरा झाला.' किती सोपं! मी पुन्हा कुंपण ओलांडलं. पुन्हा ओरखडा, पुन्हा पट्टी. एकही पट्टी चुकली नाही. जेवायला बसलो तरी मान ताठ होती.

पण कौशल्य काही हलेना. चार-पाच संध्याकाळी त्या कुंपणावरून उड्या मारूनही मी अडाणीच होतो. शेवटी ही गोष्ट इमारतीत पसरली. आमच्या जिन्यात कुठलीही गोष्ट पसरायला बायकोने दार उघडं ठेवून एकदा उसासा टाकला तरी पुरतं.

पहिल्यांदा वरच्या मजल्यावरचे कवायतमास्तर आले. ते शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेत, पण अजून जिना उतरतात तो ठेक्यात. "साहेब, तुमच्यात जोर आहे, शिस्त नाही," ते म्हणाले. "कौशल्य म्हणजे सातत्य. तेच काम, त्याच वेळी, त्याच गतीने. मधे पाणी नाही, खाजवणं नाही." आणि ते खुर्ची ओढून माझ्या मागे बसले. त्यांनी "एक!" म्हटलं की मी कुंपण ओलांडायचो, "दोन!" म्हटलं की पट्टी बांधायचो. बायको चहा घेऊन आली तर मास्तरांनी तिला "सावधान!" म्हणून दारातच उभी केली. चहा निवला, आणि त्याचा राग रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला.

तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीण बाई राहतात. त्यांनी हा प्रकार ऐकून कपाळाला हात लावला. "ओरखडे बांधून कुठे कोण शिकतं का?" त्या म्हणाल्या. "मी शिकत होते तेव्हा माझ्या सासूबाईंचा मागचा दात उपटला. मूळ आत तुटलं. दोन तास चालू होतं. त्या एका दाताने मला जे शिकवलं ते अख्ख्या कॉलेजने शिकवलं नाही."

"आणि सासूबाई?" बायकोने आशेने विचारलं.

"अजून बोलत नाहीत माझ्याशी," डॉक्टरीण बाई समाधानाने म्हणाल्या.

मी हे बोलणं कौटुंबिक म्हणून सोडून दिलं आणि पुन्हा फलकावर गेलो. "महोदय, नियमित सराव करूनही प्रगती नाही," मी लिहिलं. कासवाने विचारलं, "आतापर्यंत किती चुकलात?"

या प्रश्नाने माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या हाताखालून गेलेलं एकही पत्र कधी परत आलेलं नाही. साहेबांच्या चुका मी काढतो. 'किती चुकलात' हा प्रश्न मला विचारायची ऑफिसात कोणाची छाती नाही, आणि इथे एक कासव विचारत होतं. "एकदाही नाही," मी ठणकावून लिहिलं. त्यावर उत्तर आलं, "मग कसं होणार?" मी ठरवलं की हा माणूस मत्सरी आहे. यापुढे त्याच्याशी पत्रव्यवहार बंद.

सरावाशिवाय आणखी एक वाट होती. खेळात रोज थोडे सराव-गुण जमा होतात. ते गुरूला दिले की तो शिकवतो. मी ते सगळे राखून ठेवले होते. शिल्लक वाढताना पाहिली की मला बरं वाटतं. ऑफिसातली रजाही मी अशीच साठवतो. तापातही कामावर गेलोय, पण रजेला हात लावला नाही. आता म्हटलं, एवढे गुण घेऊन गुरूसमोर थाटात जाऊ.

त्याच संध्याकाळी, मास्तरांचं "एक-दोन" जोरात चालू असताना, पडद्यावरचा चौक नाहीसा झाला. मजकूर आला : 'तुम्ही एका खोलीत आहात. खोलीला दार नाही. एक स्टूल आहे.' खाली ठळक अक्षरांत : 'तुमच्या हालचाली माणसाच्या नाहीत. तुमच्या जागी यंत्र खेळत असल्याचा संशय आहे. कोतवाल येईपर्यंत थांबा.'

"काय झालं?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"अटक झाली," मी म्हणालो.

मास्तर उठून उभे राहिले. आपल्या शिस्तीमुळे माणूस यंत्र ठरला, याचा त्यांना धक्का बसावा अशी माझी अपेक्षा होती. पण त्यांचा चेहरा फुलला होता. "इतकी अचूक गती आली?" ते म्हणाले. "साहेब, अख्ख्या नोकरीत एकाही पोराने मला हे सुख दिलं नाही." आणि ते ठेक्यात जिना चढून गेले. मी 'स्टुलावर बस' असं टाइप केलं. 'तुम्ही बसलात. स्टूल डगमगतं,' असं उत्तर आलं.

खेळाचं काय एवढं, असं कोणी म्हणेल. पण मोहीम उद्यावर आली होती. लेक फोनवर आता "जेवलात का" च्या पुढे जाऊन "तयारी कुठवर?" असं विचारायला लागली होती आणि मी "जोरात" म्हणत होतो. आता तिला काय सांगू? तुझा बाप यंत्र असल्याच्या आरोपावरून आत आहे?

कोतवाल आला. म्हणजे तसा मजकूर आला. त्याने विचारलं, "आपण माणूस असल्याचा काही पुरावा?"

मी बाह्या सरसावल्या. विषय लिहिला, संदर्भ लिहिला. मग खुलासा. माझी पाठ दुखते, ती यंत्राची दुखत नाही. मला गोड बंद आहे. मला बढती मिळायला उशीर झाला आणि माझ्या मागून आलेला, ज्याला साधा मसुदा लिहिता येत नाही, तो आज साहेब आहे. माझ्यामागे एक गृहस्थ एक-दोन म्हणत होते, त्यांना साक्षीला बोलावता येईल. लिहिता लिहिता मला भरूनच आलं. मी लिहिलं की मला खेळाची हौस नाही. माझी मुलगी माझ्याशी फोनवर दोन वाक्यं बोलते. तिच्या माणसांत मला जागा मिळाली तर तिसरं वाक्य मिळेल, एवढ्यासाठी मी तुमच्या कुंपणावरून उड्या मारतोय. सबब माझी सुटका व्हावी, ही विनंती.

स्टूल एकदा डगमगलं. मग कोतवालाने लिहिलं, "पुरे. यंत्राला इतकं वाईट वाटत नाही. सुटका." आणि मी चौकात परत आलो, त्याच कुंपणापाशी. जीव भांड्यात पडला. बायकोने साखर न घातलेला, पण गरम चहा दिला आणि काही बोलली नाही. लग्नानंतर असे प्रसंग थोडे आले.

पण सुटकेच्या मजकुराखाली आणखी एक ओळ होती : 'तुमचे सराव-गुण मर्यादेपलीकडे साठल्याने जादा गुण बाद झाले आहेत.' ज्या माणसाची आजवर एकही रजा बुडाली नाही, त्याचे गुण बुडाले! उरलेले घेऊन मी सकाळी उठल्याबरोबर धावतपळत वैद्यगुरूच्या झोपडीत गेलो. गुरूने माझे हात न्याहाळले, असं पडद्यावर आलं. मग तो म्हणाला, "या हातांनी अजून काहीच बिघडवलेलं नाही. तुला शिकवू काय? जा, काहीतरी बिघडवून ये."

मग मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कासव मत्सरी नव्हतं. डॉक्टरीण बाईंचं बोलणं कौटुंबिक नव्हतं. या खेळात जमेल ते करून कौशल्य वाढत नाही. जमणार नाही असं करावं, चुकावं, की वाढतं. आणि मी इतके दिवस जगातला सर्वांत सोपा ओरखडा निवडून न चुकता बांधत बसलो होतो. आणि हे कळलं कधी, तर मोहिमेच्या दिवशी सकाळी.

लेकीला सांगून टाकावं म्हणून मी फोन हातात घेतला, पण तिचाच आला. "बाबा, चला! सगळे पुलावर आलेत!" तिचा आवाज इतका आनंदी होता की माझी जीभ उचलेना. मी पुलावर गेलो. खेळातलं तिचं नाव ठिणगी. बरोबर 'पोत्या' नावाचा एक मित्र होता आणि 'आजोबा' नावाची एक मैत्रीण होती. सगळ्यांनी मला वाकून नमस्कार केला. "वरिष्ठ सहायक आले, आता मरायची भीती नाही," पोत्याने लिहिलं. मला दरदरून घाम फुटला.

खिंडीत धुकं होतं. धुक्यातून लांडगे आले. इतरांनी लढाई केली, मी 'मागे सर' असं टाइप करत होतो. हे कौशल्य मात्र मला उपजत असावं. मग मजकूर आला : 'लांडग्याने ठिणगीच्या मांडीचा लचका तोडला. ठिणगीचं रक्त वाहत आहे.'

मी 'पट्टी बांध' टाइप केलं. 'तुम्ही पट्टी उलटी बांधली. ठिणगी कळवळली.'

पुन्हा टाइप केलं. 'तुम्ही घाईत ठिणगीची चांगली मांडी बांधली. रक्त वाहत आहे.'

मला राहवेना. मी लेकीला फोन लावला. "बाई गं, मला येत नाही!" मी ओरडलोच. "मी अडाणी आहे! तुला खोटं सांगितलं. मी नुसते ओरखडे बांधले. तू मला सोड आणि पळ, तुझी तीन वर्षं जातील!"

पलीकडून हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मला वाटलं, रडतेय. रडतच होती, पण हसून हसून. "बाबा," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही माझी चांगली मांडी बांधलीत!"

"चेष्टा काय करतेस, रक्त जातंय तुझं!"

"मग बांधा ना! चुकू दे. चुकलं की वाढतं, बघा तरी पडद्यावर!"

मी बघितलं. चांगल्या मांडीच्या ओळीखाली बारीक अक्षरांत होतं : मलमपट्टी : नवखा. इतक्या दिवसांच्या उड्यांनी जे झालं नाही, ते दोन चुकांनी झालं होतं. मग मी मागेपुढे पाहिलं नाही. पट्टी सैल बांधली. पट्टी इतकी घट्ट बांधली की ठिणगीचा पाय निळा पडला. एकदा तर पट्टीत माझाच हात अडकला. बायको शेजारी येऊन "अहो, नीट बांधा, लेक आहे ती!" म्हणत होती. वरून मास्तर ओरडून विचारत होते, गती काय आहे. 'ठिणगीचे डोळे मिटू लागले आहेत,' असं आलं. मी डोळे मिटून शेवटचं टाइप केलं.

'तुम्ही पट्टी बांधली. रक्त थांबलं. मलमपट्टी : बरा.'

मी खुर्चीत मागे रेललो. बायकोने पदराने माझं कपाळ पुसलं, मग स्वतःचे डोळे पुसले आणि म्हणाली, "काय मेला खेळ आहे." पोत्या आणि आजोबा दोघांनी मिळून लांडगे पळवले होते. कोणीही मेलं नव्हतं. लेकीची तीन वर्षं जागच्या जागी होती.

फोन अजून चालूच होता. बरं मग, असं म्हणायची वेळ झाली होती. पण ती म्हणाली नाही.

"बाबा, एक सांगू? माझं इथे रोज चुकतंय," ती म्हणाली. "परवा सगळ्यांसमोर सादर करायचे आकडेच उलटे लावले. साहेब काही बोलले नाहीत, पण मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आईला सांगितलं. तुम्हाला कसं सांगणार? मी एकदा 'आज यायला उशीर झाला' असा मेसेज केला, तर तुम्ही 'उशीर' चुकीचा लिहिलाय असं कळवलंत. तुमचं तर कधीच काही चुकत नाही."

पडद्यावर समोर होतं, 'ठिणगीचा पाय निळा आहे.'

"आता चुकतं," मी म्हणालो. "तुझ्या साहेबांसमोर आकडे उलटे लागले, ते कसे, पहिल्यापासून सांग."

तिने सांगितलं. मी मध्ये एकही दुरुस्ती केली नाही. बायकोने दोनदा हात पुढे करून फोन मागितला. मी दिला नाही. मला आणखी काय विचारावं सुचेना, तेव्हा सवयीने विचारलं, "जेवलीस का?"

"नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही पट्ट्या बांधत होतात तेव्हा गॅसवर अंडं होतं. करपलं."

"करपलं?" मी खुर्ची पुढे ओढली. "कसं काय? आच मोठी होती का?"

आणि ते अंडं कसं करपलं, हे तिने मला अगदी सविस्तर सांगितलं.